मॉडेल रेल्वेचं टेबल: सांगाडा ताठ, रुळाखाली मऊ

तुमची अडचण थोडक्यात अशी. डिचोलीचं जुनं घर, माडीवर लाकडी फळ्यांची जमीन, तिथे दोन घोड्यांवर ८ बाय ४ फुटांचा १२ मि.मी. प्लाय टाकून एचओ गेजचा (खऱ्या रेल्वेच्या १:८७ मापाचा) लंबगोल मांडलाय. गाडी सुरू झाली की खाली वडिलांच्या खोलीत घरघर ऐकू येते आणि त्यांची दुपारची झोप मोडते. मुलगा कडेला टेकला की डबे रुळावरून उतरतात. शिवाय गेल्या पावसाळ्यात प्लायचे दोन कोपरे वर उचलले. म्हणून तुम्ही विचारताय की १२ ऐवजी १९ मि.मी.चा प्लाय टाकला तर भागेल का. पुढेमागे दूधसागरचा घाट करायचा बेतही आहे.

नुसत्या जाड प्लायने भागणार नाही. टेकल्यावर हलणं थोडं कमी होईल, आवाज मात्र जवळपास तेवढाच राहील. मजबुती आणि शांतता ही दोन वेगळी कामं आहेत आणि ती दोन वेगळ्या थरांकडून करून घ्यावी लागतात. सांगाडा जितका ताठ तितका चांगला. रूळ मात्र त्या सांगाड्याला कुठेही कडकपणे जोडलेला नको. या दोघांच्या मधे एखादा खिळा किंवा वाळून दगड झालेला गोंद राहिला, तरी आवाज तिथूनच खाली उतरतो आणि बाकीची मेहनत पाण्यात जाते.

सुतारकामाला हात घालण्याआधी आवाजाचा उगम शोधा. इंजिन उलटं हातात धरा, कंट्रोलरच्या दोन तारा चाकांना लावा आणि ते हवेत फिरू द्या. तसंच घरघरत असेल तर दोष इंजिनात आहे. कोरडे पडलेले गिअर, चाकांत अडकलेले केस, किंवा स्वस्तातला पीडब्ल्यूएम (वीज तुकड्या-तुकड्यांनी सोडणारा) कंट्रोलर असेल तर त्याच्या झटक्यांनी गुणगुणणारी मोटर. हवेत शांत आणि रुळावर ठेवताच गोंगाट असेल तर दोष टेबलाचा. मग गाडी चालू ठेवून तळहात प्लायला खालून लावा. जिथे जास्त थरथर जाणवेल तिथे खडूने खूण करा. बहुतेक वेळा ती जागा दोन आधारांच्या बरोबर मध्यावर किंवा रुळाच्या खिळ्याखाली सापडते. शेवटी टेबलाच्या पायाला कान लावून बघा. तिथेही गाडी स्पष्ट ऐकू आली तर आवाज पायातून जमिनीत चाललाय, आणि तुमच्या वडिलांना ऐकू येतो तो हाच.

यामागचं गणित साधं आहे. मोटर आणि चाकं यांची थरथर मुळात अगदी बारीक असते. एवढ्याशा इंजिनाला हवा हलवण्याची ताकद नसते. ती थरथर रुळातून स्लीपरमध्ये, स्लीपरमधून प्लायमध्ये जाते, आणि ३२ चौरस फुटांचा तो सपाट पत्रा हवा हलवतो. आपल्या घुमट वाद्यावर बोट टेकवलं तरी कातडं आणि मडकं मिळून केवढा नाद काढतात! तुमचा प्लाय हे ते कातडं. म्हणूनच टेबलाखालची बाजू प्लायने बंद करून पेटी करू नका. खालून उघडं राहू द्या.

खऱ्या रेल्वेलाही हाच प्रश्न पडतो. थिवीच्या फलाटावर उभे राहाल तेव्हा रुळाखाली नीट बघा. रूळ थेट काँक्रीटच्या स्लीपरवर टेकलेला नसतो. मधे रबराचा पॅड असतो, आणि रूळ पकडणारी लोखंडी क्लिपही स्प्रिंगसारखी असते. त्याखाली खडीचा थर. लोखंडी गर्डरच्या पुलावर गाडी आली की आवाज एकदम का बदलतो, याचं उत्तर यातच आहे: खडी संपते आणि लोखंड सुरू होतं.

आता सांगाडा. याची पद्धत मी नवी शोधलेली नाही. अमेरिकेतल्या ‘मॉडेल रेलरोडर’ मासिकाचे एकेकाळचे संपादक लिन वेस्टकॉट यांनी रुजवलेली एल-गर्डरची रचना मी गोव्यातल्या हवेला आणि इथे मिळणाऱ्या मालाला जुळवून घेतली आहे. पट्टी उभी ठेवून तिच्या वरच्या कडेला दुसरी अरुंद पट्टी आडवी जोडायची, म्हणजे छेद उलट्या ‘एल’सारखा दिसतो. असे दोन गर्डर टेबलाच्या लांबीला समांतर. त्यांच्यावर आडव्या कड्या (आधाराच्या पट्ट्या), आणि कड्यांवर वरचा प्लाय.

पट्टी उभी का, तर ताठपणा तिच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ५० मि.मी. उंचीच्या पट्टीऐवजी ७५ मि.मी.ची घेतली तर लाकूड दीडपट लागतं आणि ताठपणा जवळपास ३.४ पट मिळतो. हाच हिशेब वरच्या प्लायला लावला तर १२ वरून १९ मि.मी.वर गेल्याने तोही ताठ होतो हे खरं, पण तेवढ्यासाठी अख्ख्या टेबलाचं वजन आणि खर्च वाढवावा लागतो. त्यापेक्षा १२ मि.मी.च ठेवा आणि त्याखाली दर ४० सें.मी.वर एक कडी द्या.

आधार कुठे द्यायचा यावर बरंच अवलंबून आहे. तुमचे घोडे अगदी टोकाला आहेत, त्यामुळे मध्य लोंबतो आणि तोच जास्त थरथरतो. पाय दोन्ही टोकांपासून लांबीच्या एक-पंचमांश आत घ्या. तुमच्या २,४४० मि.मी. लांबीला हे अंतर ४९० मि.मी.च्या आसपास येतं. रुंदीलाही तोच नियम: १,२२० मि.मी.च्या कड्या दोन्ही बाजूंना २४० मि.मी. बाहेर राहतील अशा बेताने गर्डर एकमेकांपासून साधारण ७३० मि.मी.वर ठेवा. मधला भाग आणि बाहेर आलेले भाग एकमेकांना तोलतात आणि लोंबणं कमीत कमी राहतं. पाय आत गेल्यामुळे मुलाचा पायही त्याला अडखळत नाही.

लाकडाबद्दल इथे जरा थांबतो, कारण पुस्तकांतला सल्ला पाइनच्या कोरड्या देशांसाठी असतो. आपल्याकडे वर्षाला ३,००० मि.मी.च्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. वखारीत माट (ऐनाचं लाकूड) सहज मिळेल आणि मेस्त, म्हणजे सुतारही, तोच सुचवेल. जड, टिकाऊ, सगळं मान्य. पण तो वाळताना चिरतो, वळतो, आणि स्क्रूसाठी आधी नीट भोक पाडलं नाही तर फाटतो. रेल्वेच्या टेबलाला तो नको. भरीव लाकूडच हवं असेल तर पूर्ण वाळलेली शिवण घ्या. हलकी असते आणि हवा बदलली तरी फारशी हलत नाही. माझं मत विचाराल तर गर्डर, कड्या आणि पाय सगळंच १८ मि.मी.च्या मरीन प्लायच्या पट्ट्या कापून करा. प्लायचे थर एकमेकांना आडवे असल्यामुळे पट्टी वर्षानुवर्षं सरळ राहते. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड मात्र घरात आणूच नका. कापलेल्या कडेतून त्यांनी एकदा पाणी ओढलं की फुगतात आणि परत बसत नाहीत.

प्लायच्या पट्ट्यांची एक कमजोरी आहे, ती आधीच सांभाळा. प्लायच्या कडेत, थरांच्या मधे, स्क्रू धरत नाही. काही महिन्यांनी ढिला होतो आणि मग टेबल कुरकुरायला लागतं. म्हणून प्रत्येक कडीच्या अंगाला वरच्या आणि खालच्या कडेशी २५ बाय २५ मि.मी.ची लाकडी पट्टी गोंद आणि स्क्रू लावून बसवा. गर्डरच्या आडव्या पट्टीतून खालून येणारा स्क्रू खालच्या पट्टीत जाईल आणि वरचा प्लाय वरच्या पट्टीला खालूनच पकडता येईल. सगळे स्क्रू खालून असले की पुढे रूळ घातल्यावरसुद्धा एखादी कडी काढून सरकवता येते. सांध्याची (गाडीचा रूळ बदलणाऱ्या जागेची) मोटर नेमकी कडीच्या जागी येणं ही तर ठरलेलीच गोष्ट आहे, तेव्हा याची किंमत कळते. तारांसाठी कड्यांच्या उंचीच्या मध्यावर २० मि.मी.ची भोकं आत्ताच पाडून ठेवा. कडीला तिथे सर्वांत कमी ताण असतो.

पायही एल आकाराचे करा: ७५ मि.मी. रुंदीच्या दोन पट्ट्या काटकोनात, गोंद आणि स्क्रू. दोन इंची चौकोनी लाकडापेक्षा हा पाय ताठ आणि हलका होतो. पण डगमग थांबते ती तिरप्या आधारांनी, पायांच्या जाडीने नव्हे. प्रत्येक पायाला लांबीच्या दिशेने एक आणि रुंदीच्या दिशेने एक तिरका आधार हवा, आणि तो पायाच्या निम्म्यापेक्षा खाली पोचायला हवा. वर कोपऱ्यात बसवलेले छोटे लोखंडी अँगल हे काम करत नाहीत. पाय आणि आधार खिळ्यांनी न ठोकता ६ मि.मी.च्या बोल्टने जोडा, दोन्ही बाजूंना मोठे वॉशर आणि नायलॉक (थरथरीने ढिले न होणारे) नट. चवथीला घर भरलं आणि माडी रिकामी करावी लागली तर पाय सुटतात आणि वरचा भाग भिंतीशी उभा करता येतो. टेबल उभं झाल्यावर कडेला हाताने जोरात ढकलून बघा. रूळ घालण्याआधी ते हलत असेल तर रूळ घातल्यावर हमखास हलेल.

उंची मी १ मीटर धरतो. गाडी डोळ्यांच्या जवळ येते आणि पलीकडे हातही पोचतो. मुलासाठी चौरंग ठेवा. हात पोचण्याची मर्यादा ७५ सें.मी., त्यापलीकडे उतरलेला डबा उचलताना बाही घराच्या कौलावर घासणार. एचओला १८ इंची त्रिज्येचं वळण घालायचं तर टेबल ४ फुटांपेक्षा फारसं अरुंद करता येत नाही, त्यामुळे दोन्ही लांब बाजूंनी जायला वाट हवी. ती नसेल तर निदान टेबल सरकवता यायला हवं. भिंतीला चिकटवून तर मुळीच ठेवू नका. चिऱ्याची भिंत पावसात ओल धरते. चार बोटं जागा सोडा.

यापुढचं काम शांततेचं.

वरच्या प्लायवर रुळाच्या मार्गापुरती ३ मि.मी.ची इव्हा फोमची पट्टी, तिच्यावर ५ मि.मी. कॉर्क, आणि कॉर्कवर रूळ. फोम साधारण ६० मि.मी. रुंद, कॉर्क ४५ मि.मी. नुसता फोम घातला तर जड इंजिनाखाली रुळाचे जोड दबतात आणि काही दिवसांत वाकतात. नुसता कॉर्क घातला तर आवाज कमी होतो, पण माडीवर तेवढं पुरत नाही. दोन वेगळ्या मऊपणाचे थर एकावर एक आले की थरथर प्रत्येक सांध्यावर थोडी थोडी जिरते. फोम बंद पेशींचा घ्या, मुलांच्या खेळायच्या चटयांचा असतो तसा. गादीचा स्पंज पाणी धरतो. नोटीस बोर्डासाठी मिळणारा सॉफ्टबोर्ड आवाज छान खातो, पण आपल्या हवेत त्याला बुरशी लागते, म्हणून मी तो वापरत नाही. निळा किंवा गुलाबी एक्सपीएस (दाट फोमचा बोर्ड) डोंगर कोरायला उत्तम. रुळाखाली तो एकटा पुरत नाही, कारण तो हलका आणि ताठ असल्यामुळे स्वतःच गुणगुणतो.

हे थर चिकटवायला अ‍ॅक्रिलिक सीलंट वापरा. रंगारी चौकटीच्या फटी भरतात ते, वाळल्यावर रबरासारखं राहणारं. पांढरा गोंद सांगाड्याच्या जोडांना उत्तम, पण रुळाखाली तो काचेसारखा कडक होतो. आंबट वासाच्या सिलिकॉनवर रंग बसत नाही, म्हणून तेही नको. रबर सोल्युशनच्या जातीचे गोंद थर्मोकोल आणि एक्सपीएस विरघळवतात, तेही दूर ठेवा.

सीलंट लावण्यात एक खुबी आहे. नळीने मधोमध एक बारीक रेघ ओढा आणि जुन्या एटीएम कार्डाने ती इतकी पातळ पसरवा की खालचा कॉर्क आरपार दिसला पाहिजे. रूळ वरून दाबल्यावर स्लीपरच्या फटींतून सीलंट वर आलं तर ते जास्त झालंय. सांध्याच्या हलत्या जिभेखाली अजिबात लावू नका. वळण जागेवर धरायला टाचण्या टोचा, वरून पुस्तकं किंवा फरशीचे तुकडे रात्रभर ठेवा आणि सकाळी टाचण्या सगळ्याच्या सगळ्या काढा. रुळाबरोबर आलेले छोटे खिळे ठोकायचा मोह होतो, पण स्लीपरमधून कॉर्क आणि फोम भेदून प्लायमध्ये शिरणारा प्रत्येक खिळा म्हणजे आवाजाला बांधून दिलेला पूल. तुमच्या टेबलावर सध्या ते आहेत. आजच एका बाजूचे उपटून गाडी फिरवा आणि खाली जाऊन ऐका. नवं टेबल होईपर्यंत तेवढ्यानेही फरक पडेल.

खडी टाकताना बहुतेकांचं टेबल पुन्हा बोलू लागतं. पातळ केलेला पांढरा गोंद सोडला की स्लीपरपासून प्लायपर्यंत एक कडक कवच तयार होतं आणि फोम, कॉर्क दोन्ही निकामी होतात. खडीचा उतार कॉर्कच्या कडेवर संपवा, प्लायपर्यंत उतरवू नका. कॉर्कच्या कडेपासून प्लायपर्यंतच्या पट्टीवर माती, गवत, काहीही सैल टाका. खडी धरायला चित्रकारांचं मॅट मिडियम पाण्यात पातळ करून घ्या, ते वाळून थोडं लवचीक राहतं. लाल मातीसाठी आपल्या चिऱ्याची भुकटी सुंदर दिसते, दुसरा कुठलाही रंग ती छटा देत नाही. मात्र चाळून झाल्यावर तिच्यातून चुंबक फिरवा. चिऱ्यात लोह असतं, आणि चुंबकाला चिकटणारे कण इंजिनाच्या मोटरमध्ये ओढले जातात.

प्लायला अजूनही नाद असेल तर खालून कड्यांच्या मधे गाडीच्या दारात लावतात ती डॅम्पिंग शीट चिकटवा. टेबलाच्या कडेने जाड कापडाची झालर जमिनीपर्यंत सोडली तर वरच्या सुरातला कर्कश आवाजही मऊ होतो. अंड्यांचे ट्रे लावल्याने काही होत नाही.

तुमच्या माडीचं काम मात्र वेगळं. फळ्यांची जमीन स्वतःच दुसरा घुमट आहे. खालून बघून फळ्यांना आधार देणारी तुळई कुठून जाते ते ओळखा आणि पाय शक्यतो तिच्यावर येतील असे ठेवा. दोन तुळयांच्या मधल्या फळीवर नको. प्रत्येक पायाच्या तळाशी टी-नट (लाकडात ठोकायचा आट्यांचा नट) ठोकून त्यात ८ मि.मी.चा बोल्ट बसवा, म्हणजे उंच-सखल जमिनीवरही लेव्हल साधता येईल. बोल्टच्या डोक्याखाली वॉशिंग मशीनखाली ठेवतात तसा जाड रबरी पॅड. जुन्या जमिनीवर चारपैकी एक पाय नेहमी अधांतरी असतो आणि तोच खडखडतो, म्हणून चारही पॅड सारखे दबलेत का ते हाताने तपासा.

कोपरे वर का उचलले ते तुम्ही पाठवलेल्या फोटोतच दिसतं. वरून गवताचा हिरवा रंग, खालून कोरं लाकूड. पावसात खालच्या बाजूने दमट हवा प्यायली, ती प्रसरण पावली, वरची तशीच राहिली, आणि प्लाय वाटीसारखा वळला. नवा प्लाय बसवण्याआधी त्याला दोन्ही बाजूंनी आणि चारही कडांना सारखेच दोन हात द्या, पीयू (पॉलियुरेथेन) असो वा ऑइल पेंट. कडांना एक हात जास्त, कारण पाणी तिथूनच शिरतं. खालून पाडलेल्या भोकांनाही ब्रश फिरवा. वाळवीचं औषध पायांच्या तळाला लावा. स्क्रू स्टेनलेसचे घ्या, साधे दोन पावसाळ्यांत गंजून डोकं सोडतात.

रूळ घालायचा मुहूर्त दिवाळीनंतरचा, शक्यतो जानेवारीचा. तेव्हा लाकूड सर्वांत आखडलेलं असतं. त्यानंतर पावसात टेबल फुगलं तर रुळांच्या जोडांत थोडी फट पडते, आणि ती चालते. उलट ऐन जुलैत फुगलेल्या टेबलावर रूळ टोकाला टोक भिडवून घातले तर उन्हाळ्यात टेबल आखडतं, रुळाला जागा उरत नाही आणि तो वाकडा होतो. उष्णतेने रूळ वाढतो, पण २,४४० मि.मी.च्या रुळाला १० अंशांच्या फरकाने अर्धा मि.मी.सुद्धा पडत नाही. आपल्याकडे खरा खेळ दमटपणाचा आहे. काही जोड न डाखता सोडा आणि वीज वेगळ्या तारांनी द्या.

दूधसागरच्या घाटाचा बेत करा, हा सांगाडा त्याला तयार आहे. वरचा प्लाय रुळाच्या मार्गाने दोन्ही बाजूंनी कापायचा आणि तेवढी पट्टी कड्यांवर उभे ठोकळे लावून उचलायची. कुळें ते कॅसलरॉक या खऱ्या मार्गाचा चढ १:३७ आहे. एचओमध्ये एका रुळावरून दुसरा न्यायला साधारण ७५ मि.मी. उंची लागते, म्हणजे त्याच चढाने २,७७५ मि.मी., नऊ फुटांहून थोडा जास्त मार्ग. तुमच्या लंबगोलाच्या अर्ध्या फेरीत ते जेमतेम बसतं, पण वळणावर चढ आणखी जड पडतो, म्हणून तिथे गाडी चार-पाच डब्यांचीच ठेवा. ठोकळा आणि पट्टी यांमधेही फोमचा तुकडा घाला.

सामान लागेल ते असं: १८ मि.मी.चा एक मरीन प्लाय सांगाड्यासाठी, १२ मि.मी.चा एक वरच्या फळीसाठी, दोन्हींवर आयएस ७१० चा शिक्का बघून. एका १८ मि.मी. शीटमध्ये १०० मि.मी.च्या २, ७५ मि.मी.च्या ८ आणि ५० मि.मी.च्या ६ पट्ट्या निघतात. १०० च्या दोन आणि ५० च्या दोन गर्डरला; ७५ च्या चारांतून सात कड्या, उरलेल्या चारांतून पाय; ५० च्या बाकीच्यांतून तिरके आधार. वजन सगळं मिळून ६० किलोच्या आसपास जाईल. करवतीची जाडी प्रत्येक कापाला ३ मि.मी. धरून कापाचा नकाशा कागदावर काढा आणि तो कागदच मेस्ताच्या हातात द्या. टेबल-सॉवर एकाच बैठकीत सगळ्या सारख्या मापाच्या पट्ट्या निघाल्या तर कड्यांच्या वरच्या कडा एका पातळीत येतात, आणि प्लायखाली पाचर घालत बसावं लागत नाही.